दोन परीक्षा, सोयीची निवडा

११ नोव्हेंबर
आज पालकसभा. वेळ नऊची, मी साडेआठला हजर. मुलगा जहाजावर, सून स्पृहा ऑफिसात, त्यामुळे नातू अनिशचा पालक म्हणून दहावीच्या सगळ्या सभांना मीच जातो. दोघं घरी असती तरी मीच गेलो असतो.

वर्गशिक्षिका राधा मिसनी नवीन परीक्षा पद्धत समजावली. मुलगी हुशार आहे, पण एका वाक्यात तीन अटी घालते. पालक बहुतेक आपले लालबाग-परळचे, हाफ डे टाकून आलेले. सगळे माना हलवत होते आणि कुणाला काही कळत नव्हतं, हे माझ्या लगेच लक्षात आलं. मिस म्हणाल्या, हे परिपत्रक इंग्रजीत आहे, कुणी आपापल्या इमारतीत जरा मराठीतून... वाक्य पुरं व्हायच्या आत माझा हात वर. टाळ्या पडल्या नाहीत, पण वातावरण टाळ्यांचंच होतं.

परिपत्रक सहा पानी. माझी सगळी नोकरी सरकारी खात्याच्या जावक विभागात गेली. माझ्या हातून बाहेर गेलेली परिपत्रकं एकावर एक ठेवली तर आमच्या इमारतीच्या गच्चीपर्यंत जातील. त्यामुळे मला परिपत्रक वाचावं लागत नाही, हातात घेतलं की अंदाज येतो. हे हलकं आहे.

संकल्प: वर्ष संपायच्या आत आपल्या इमारतीतला एकही दहावीचा पालक अंधारात राहता कामा नये.

१२ नोव्हेंबर
पहिलं पान वाचलं, दुसरं चाळलं. सगळं पहिल्याच पानावर आहे. दहावीची केंद्रीय बोर्डाची परीक्षा आता वर्षातून दोनदा. एक फेब्रुवारीत, एक मेमध्ये. बाकीची पानं अटींची. अटी या लिहिणाऱ्याच्या समाधानासाठी असतात, हे जावकमध्ये बसलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

दुपारी मोठ्या कार्डशीटवर लाल मार्करने तक्ता केला. ‘दोन परीक्षा. सोयीची निवडा.’ पद्मजा भाजी निवडता निवडता म्हणाली, अहो, सोयीची निवडा असं त्यात लिहिलंय का? मी म्हटलं, भावार्थ आहे तो. ती म्हणाली, बोर्ड भावार्थाला मार्क देतं का? तिला अक्षर आवडलं असावं, कारण नंतर ती काही बोलली नाही.

१६ नोव्हेंबर
पहिलं व्याख्यान. तळमजल्यावर इमारतीच्या मंडळाच्या ऑफिसात. किल्ली अध्यक्षाकडे, म्हणजे बुधाजी राणेकडे. गेली निवडणूक तो माझ्याविरुद्ध कशी जिंकला, यावर इथे लिहिणार नाही. किल्ली देताना विचारतो, किती वेळ घेशात? मी म्हटलं, ज्ञानाला वेळेचं बंधन नसतं. तो म्हणाला, आठाक भजनवाले येतत.

खोली भरली. नवीन अभ्यासक्रमात पाठांतराचे प्रश्न कमी आणि कॉम्पिटन्सीचे जास्त, हे मी मसाल्यावरून समजावलं. मसाल्याचं साहित्य पाठ म्हणून दाखवणं वेगळं आणि मिरची भाजताना नेमकी कधी उतरवायची ते कळणं वेगळं. बोर्डाला आता दुसरं हवंय. यावर कांडपाच्या दुकानातल्या सावंतबाई उठून म्हणाल्या, मगे पोरग्याच्या जागी मीच बसतंय पेपराक. प्रचंड हशा. विषय लोकांपर्यंत पोहोचल्याची खूण.

मग तक्ता उलगडला. पहिल्या रांगेत दुसऱ्या मजल्यावरचा गुणाजी घाडी होता. जुना गिरणी कामगार, गिरणी गेल्यावर जे मिळेल ते करून घर उभं ठेवलं. त्याच्या नातीचं नाव पूर्वी, ती अनिशच्याच वर्गात. घरातली पहिली मुलगी इंग्रजी शाळेत घातलेली. गुणाजीने तक्ता पाहून चक्क हात जोडले. इतक्या वर्षांत माझ्या कामाला कुणी हात जोडलेले आठवत नाहीत. पाणी प्यायलो.

२० नोव्हेंबर
राधा मिसचा फोन. कुणीतरी त्यांना तक्त्याचा फोटो पाठवला. (बुधाजी.) म्हणाल्या, काका, थोडी गडबड झालीय. पहिली परीक्षा सगळ्यांना कंपल्सरी आहे. दुसरी फक्त मार्क सुधारायला, किंवा एखाददुसरा विषय राहिला तर. पहिल्या वेळी पाचातल्या तीन विषयांना मूल गैरहजर राहिलं तर दुसऱ्या वेळी बसूच देत नाहीत, थेट पुढच्या वर्षी. तेवढं सगळ्यांना स्पष्ट सांगाल ना? मी म्हटलं, अवश्य.

आता या कंपल्सरीविषयी. आमच्या खात्यात योगासनं कंपल्सरी होती. राजभाषा पंधरवडा कंपल्सरी होता. आगीची तालीम तर फारच कंपल्सरी होती, त्या दिवशी अख्खा विभाग जिने उतरून वडापाव खायला जायचा. शासन कंपल्सरी म्हणतं तेव्हा त्याला म्हणायचं असतं की आलात तर आनंद वाटेल. मिस लहान आहेत, अनुभवाने कळेल.

ही अट लोकांना कशी सांगावी यावर बराच विचार केला. सांगू नये असं ठरलं. लोक उगाच घाबरतील, आणि मी तर त्यांची भीती घालवायला निघालोय.

३० नोव्हेंबर
दुसरं व्याख्यान. उपस्थिती मागच्या वेळेच्या निम्मीही नाही. विषय समजला की माणूस पुन्हा कशाला येईल?

गुणाजीची नात पूर्वी त्याचा हात धरून आली होती. तिने विचारलं, दोन्ही परीक्षांचा पेपर सारखाच कठीण असतो का? मी म्हटलं, बाळा, मेचा थोडा सोपाच असेल, उन्हाळा असतो ना. तिने मान हलवली. तिला माटुंग्याच्या कॉलेजात सायन्सला जायचंय, मग लॅबचं काहीतरी शिकायचंय. गुणाजी म्हणाला, आमच्या घरातला पयला माणूस जा डॉक्टरच्या बाजूक हुबा रवतला, पेशंट म्हणून नाय. माझ्या मनात आलं, या मुलीच्या यशात आपला वाटा असणार.

२२ डिसेंबर
‘दहावी मार्गदर्शन, केळुसकर सर’ हा व्हॉट्सॲप ग्रुप अगदी शांत आहे. रोज सकाळी मी एक सूचना टाकतो. आधी अंगठे यायचे, आता तेही नाहीत. फक्त नातीच्या फोनवरून गुणाजीचा नमस्कार येतो. ग्रुप शांत म्हणजे शंका मिटल्या.

इमारतीतही माझ्याविषयी वेगळा आदर जाणवतो. काल जिन्यात तीन-चार आया मोबाईलवर काहीतरी एकत्र वाचत होत्या. मला पाहताच फोन पदराआड गेले आणि सगळ्या एकदम थंडीवर बोलायला लागल्या. असा दबदबा मला ऑफिसातसुद्धा कधी मिळाला नव्हता.

२ जानेवारी
महत्त्वाचा दिवस.

संध्याकाळी गुणाजी आणि त्याचा मुलगा मयूर घरी आले. मयूर लोअर परळच्या एका मॉलमध्ये सिक्युरिटीचा सुपरवायझर आहे. दोघे खुर्चीच्या कडेवर बसले. विषय असा: यंदा शिमग्याला गावी देवाच्या पालखीचा मान घाडींच्या घराकडे आलाय. हा मान भावकीत फिरतो, पुन्हा यायला एक तप जातं. पालखी घरात बसणार, घरच्या सुनेने ओटी भरायची, घरच्या मुलीने आरती धरायची. गुणाजीचं हृदयाचं दुखणं आता सगळ्या इमारतीला माहीत आहे. तो म्हणाला, फुडच्या खेपेक मी नसतलंय, ह्या एकदा खांद्यार घेतलंय की सुटलंय.

अडचण एकच. शिमगा नेमका बोर्डाच्या परीक्षेत. पूर्वीची आई गेल्याशिवाय चालत नाही, आणि मुलीला एकटीला इथे ठेवणार कुणाकडे?

मी लगेच उठलो, कपाटामागून तक्ता काढला आणि त्यांच्यासमोर धरला.

मयूर जरा संशयी. म्हणाला, काका, नक्की ना? नंतर शाळेचं काही लफडं नको. पोरीचं वर्ष आहे. गुणाजीने त्याला गप्प केलं. मला म्हणाला, तुमी सांगलास मां, मगे झाला. माका कागद कळणत नाय, माणूस कळता.

मी योजना आखून दिली. पहिला पेपर इंग्रजीचा, तो देऊन निघायचं. उरलेले चार मेमध्ये निवांत. जाताना गुणाजी वाकायला लागला, मी खांदे धरून थांबवलं. माझ्याच वयाचा माणूस.

आज झोप छान लागेल.

५ जानेवारी
पद्मजाला सगळं सांगितलं. ती सरळ म्हणाली, मग एवढं कशाला? पूर्वी आपल्याकडे राहील. अनिशबरोबर पेपरला जाईल, मी दोघांना डबा देईन. आरती भावकीतली दुसरी मुलगी धरेल, कुणाचंच काही अडत नाही.

मी तिला शांतपणे समजावलं की प्रश्न डब्याचा नाही, धोरणाचा आहे. दोन परीक्षा असतात हे मी लोकांना सांगितलंय. मीच आता पहिल्या परीक्षेसाठी मुलगी घरी ठेवून घेतली, तर लोक म्हणतील केळुसकरचा स्वतःच्याच सांगण्यावर विश्वास नाही. ती मग म्हणाली, तुमच्यासाठी नव्हते म्हणत मी, पोरीसाठी म्हणत होते.

तिला थकवा येतो हल्ली. तिच्यावर अजून एका मुलीचा भार नको, हेही मी मनात धरलं होतं.

१९ जानेवारी
पूर्वी एकटीच आली. दारातच उभी. म्हणाली, आजोबा, मिस वर्गात बोलल्या की पहिली द्यायलाच लागते. मग माझं कसं?

मी तिला आत बसवलं. मिस सगळ्यांसाठी सरसकट बोलतात, तू विशेष बाब आहेस, असं सांगितलं. विशेष बाब हा शब्द मी नोकरीत असंख्य फायलींवर पाहिलाय. ज्या फायलीवर तो असतो ती कुठेच अडत नाही. तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. म्हणाली, मग मी फेब्रुवारीचा अभ्यास थांबवू का? सायन्सची रिव्हिजन अर्धी झालीय. आईला गावच्या तयारीत मदत करता येईल. मी म्हटलं, थांबव, काही बिघडत नाही.

ती गेल्यावर जरा अस्वस्थ वाटलं. खिडकी बंद होती, हवा कोंडली होती.

२८ जानेवारी
मिसनी मयूरलाच फोन केला. हे मला पसंत नाही, पत्रव्यवहार योग्य मार्गानेच व्हायला हवा. मयूर ड्युटीवरून थेट माझ्याकडे. म्हणाला, मिस बोलतायत असं करू नका, मुलीचं वर्ष जाईल. काका, काय करू?

मी त्याला आतली गोष्ट सांगितली. शाळांना फेब्रुवारीत सगळी मुलं बसलेली दाखवायची असतात, वरती आकडे जातात. मिस बिचाऱ्या दबावाखाली बोलतायत. ही माहिती मला कुणी दिलेली नाही, अनुभवातून आली. मयूर म्हणाला, म्हणजे तुम्ही बोलताय तेच फायनल? मी म्हटलं, मी आहे ना.

मी आहे ना. हे वाक्य बोलायला किती बरं वाटतं.

१० फेब्रुवारी
हॉल तिकिटं आली. स्पृहाने अनिशचं देवघराच्या भिंतीला चिकटवलं. मी सुचवलं की अनिशचेही दोन पेपर मेसाठी ठेवावेत, ताण विभागला जातो. ती म्हणाली, बाबा, तुम्ही तुमचा तक्ता लावा, मी हॉल तिकीट लावते. आमच्या घरात लोकशाही आहे. शिवाय एक मुलगा फेब्रुवारीत पाचही पेपरांना बसलेला बरा, नंतर तुलना करता येते.

जाता जाता तिने विचारलं, इमारतीत खरंच कुणी थांबणार नाहीये ना? मी म्हटलं, ज्याची त्याची सोय. तिला उशीर होत होता.

पहिला पेपर
पूर्वी आणि अनिश एकत्र गेले. बुधाजीची नातही युनिफॉर्ममध्ये उतरताना दिसली, मागोमाग सावंतबाईंचा मुलगा, तिसऱ्या मजल्यावरची जुळी. मी मनाशी म्हटलं, छान, मेसाठी सेंटर बघून ठेवतायत. ही दूरदृष्टी लोकांना आपणच दिली.

पूर्वी हसत आली. पेपर सोपा गेला म्हणाली. आल्याबरोबर बॅगा भरायला लागली.

दुसऱ्या दिवशी, संध्याकाळ
घाडी मंडळी निघाली. गाडी नाक्यावर. नारळांचं पोतं, नव्या साडीची पिशवी, गुणाजीच्या डोक्यावर कोरी टोपी. चेहरा नवऱ्यामुलासारखा. पूर्वीने सायन्सचं पुस्तक बरोबर घेतलं होतं, मी म्हटलं, कशाला वजन? तिने ते परत वर नेऊन ठेवलं.

गाडी वळेपर्यंत हात हलवत उभा होतो. बुधाजी मागे येऊन उभा राहिला ते कळलंच नाही. म्हणाला, पोरगी खंय चलली? मी म्हटलं, शिमग्याला. तो म्हणाला, आणि पेपर? मी म्हटलं, योजना आहे. तो काहीतरी बोलणार होता, मी जिना चढायला लागलो.

२५ फेब्रुवारी
मंडळाच्या ऑफिसात बसलो होतो. समोर बुधाजी आणि आणखी दोघं. मयूरचा फोन. गावात रेंज नाही म्हणून तो देवळामागच्या सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, चढून बोलत होता, मागे वारा. म्हणाला, काका, मिसचा मेसेज आलाय. दोन पेपर गेले, तिसरा उद्या. उद्याचा गेला की संपलं, त्या बोलतायत. आज रात्रीच्या गाडीने मी पूर्वीला घेऊन येऊ शकतो. पोचतो सकाळी. आरतीला माझ्या चुलत भावाची मुलगी उभी राहील. मग उद्याचा आणि शेवटचा, दोन्ही देईल. आणू का?

बुधाजी माझ्या तोंडाकडे बघत होता.

क्षणभर वाटलं, आण म्हणावं. शब्द ओठांवर होता. तेवढ्यात बुधाजी म्हणाला, काय झाला? कोण आसा? आणि मी फोनमध्ये मोठ्याने म्हणालो, अरे मयूर, काही गरज नाही, निश्चिंत राहा, मी बघतो.

मयूर म्हणाला, बरं काका.

वाऱ्याचा आवाज थोडा वेळ येत होता. मग फोन बंद झाला. पाच मिनिटांनी मी उलट लावला, सहज, गावच्या हवेची चौकशी करायला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. आठ वाजेपर्यंत लावत होतो.

२६ फेब्रुवारी
सायन्सचा पेपर. अनिश म्हणाला, त्याच्या पुढचा बाक रिकामा होता. मी त्याला वर्गात बाकी कोण कोण होतं ते विचारलं नाही. परीक्षेत मुलांचं लक्ष विचलित करू नये.

जेवण गेलं नाही. पित्त असावं. पद्मजाने ताट उचललं.

परिपत्रकाची उरलेली पानं वाचायला काढली. चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक. उद्या बघू.

५ मार्च
मयूरने व्हिडिओ पाठवला. गुलाल, ढोल, आणि मध्ये गुणाजी, खांद्यावर पालखी, डोळे मिटलेले. बाजूला परकर-पोलक्यातली पूर्वी, हातात आरतीचं ताट. मागे तिची आई रडतेय.

मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. यात चूक कुठे आहे, मला सांगा. एक म्हातारा सुखी झाला. ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘योग्य नियोजनाचं फळ.’ कुणी काही लिहिलं नाही. थोड्या वेळाने एकाने ग्रुप सोडला, मग आणखी दोघांनी.

२१ मार्च
घाडी आले. गुणाजी स्वतः जिना चढून प्रसादाचा नारळ आणि खाजं घेऊन आला. धाप लागली होती. म्हणाला, तुमच्यामुळे झाला ह्या सगळा. देवाक तुमचा नाव सांगलंय.

नारळ अजून ओट्यावर आहे. पद्मजा फोडत नाही.

१२ एप्रिल
निर्णय घेतला. भीती ही अभ्यासाने जाते. इमारतीतून मेला बसणाऱ्या सगळ्या मुलांसाठी मोफत मार्गदर्शन वर्ग: ‘मे तुकडी’. ग्रुपवर सूचना टाकली. आज पहिला दिवस. मंडळाच्या ऑफिसात वीस खुर्च्या मांडल्या, फळा पुसला, लिंबू सरबत केलं.

पाच वाजता पूर्वी आली. सव्वापाचला पूर्वीच होती. साडेपाचला मी तिला म्हटलं, बाकीचे येतीलच. तिने पुस्तक उघडलं आणि वाचत बसली.

सहा वाजता बुधाजी आला, भजनाचं सामान ठेवायला. रिकाम्या खुर्च्या बघून थांबला. मला बाहेर जिन्याजवळ घेऊन गेला आणि हळू आवाजात बोलला. हळूच, याचं मला विशेष वाटलं. म्हणाला, केळुसकरांनू, मेच्या परीक्षेक कोण बसूचा नाय. सगळ्या पोरांनी फेब्रुवारीतच पाचव पेपर दिले. तुमच्या पयल्या भाषणानंतर दोन दिवसांनी सगळ्यांनी शाळेत जाऊन मिसांक इचारल्यानी. मिसांनी येगळो ग्रुप केलो. तुमका वाईट वाटात म्हणून कोण काय बोलला नाय.

मी विचारलं, सगळ्यांनी?

तो म्हणाला, सगळ्यांनी. त्या ग्रुपात घाडी नव्हते. मयूराक दोनदा घालूक गेलंव, तो म्हणालो, नको, आमका केळुसकर काका आसत.

मी आत आलो. पूर्वीने वर पाहिलं. म्हणाली, आजोबा, सुरू करूया? मी म्हटलं, आज नको, लाईट जाणार आहेत. लाईट गेले नाहीत. ती सरबत पिऊन गेली, ग्लास धुऊन ठेवून.

पुढची सूचना: ज्यांनी ऐकलं नाही त्यांचं काही बिघडलं नाही, तेव्हा पद्धतीत मूलभूत दोष नसावा. (हे वाक्य नंतर पुन्हा तपासावं.)

१५ एप्रिल
शाळेत गेलो. मेच्या परीक्षेचे अर्ज शाळेतूनच भरतात. राधा मिस रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. म्हणाल्या, काका, चार विषयांना ती गैरहजर आहे. सिस्टिम तिचं नावच घेत नाही. मी बोर्डाला दोनदा विचारलं, वैद्यकीय कारण आहे का विचारत होते. नाहीये. पुढच्या फेब्रुवारीत पाचही विषय पुन्हा, इंग्रजीसुद्धा.

मी म्हटलं, विशेष बाब म्हणून?

त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

मग म्हणाल्या, मयूरना मी सकाळीच बोलावून सांगितलंय. मी विचारलं, काय म्हणाला? त्या म्हणाल्या, काही नाही. फक्त विचारलं की ही गोष्ट बाबांना कशी सांगायची. त्यांच्या हार्टचं आहे ना.

घरी कसा आलो आठवत नाही. परळ नाक्यावर बराच वेळ सिग्नलपाशी उभा होतो, हिरवा-लाल होत राहिला.

१७ एप्रिल
दोन दिवस दुसऱ्या मजल्यावरून कुणी आलं नाही. गुणाजीला कळलं असणार. काल त्यांच्या दारावरून जाताना आतून आवाज नव्हता. टीव्हीसुद्धा नाही. मयूर जिन्यात भेटला, भिंतीला अंग चोरून मला वाट दिली. शिवी दिली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, तयार ठेवलं होतं.

बोर्डाला अर्ज करावा म्हणून बसलो. ‘विनंती करण्यात येते की’ एवढं लिहून झालं. पुढे काय लिहायचं, पेन तिथेच थांबलं.

संध्याकाळी बेल वाजली. पूर्वी. पद्मजा आतच राहिली. पूर्वीचे डोळे सुजलेले होते, पण आवाज नेहमीचाच. म्हणाली, माझ्या आजोबांनी तुम्हाला विचारून यायला सांगितलंय. मी आता वर्षभर काय करायचं? परत दहावीत बसायचं, की घरी अभ्यास करायचा, की आईबरोबर कामाला जायचं तोपर्यंत? तुम्ही सांगाल तसं करू, बोलले.

माझ्या तोंडात वाक्यं तयार होती, एकाहून एक चांगली.

मग मी म्हटलं, बाळा, मला माहीत नाही.

तिने मान हलवली. तेही तिला पटलं.